ओएलईडी पडद्याची वीजजोडणी

मोबाइल हातातून पडतो. काच शाबूत दिसते, पण पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक रेघ उमटते. दुकानदार पाहतो आणि 'डिस्प्ले गेला' एवढेच सांगून नव्या पडद्याची किंमत सांगतो. वाचकहो, अशा वेळी पुष्कळदा प्रकाश देणारा पदार्थ ठीक असतो. बिघडलेला असतो तो काच आणि मंडल यांच्यामधला जोड. आपली अनेक मुले आज दुरुस्तीच्या कामात आहेत, कोणी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत आहेत. त्यांच्यासाठी या जोडाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

ओएलईडी म्हणजे सेंद्रिय पदार्थांपासून केलेला, वीज मिळताच उजळणारा डायोड. येथे 'सेंद्रिय' हा शब्द शेणखताच्या अर्थाने नाही, कार्बनची संयुगे या अर्थाने आहे. १९८७ साली कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या शास्त्रज्ञांनी अशा संयुगांचे दोन अतिशय पातळ थर एकावर एक देऊन दहा व्होल्टपेक्षाही कमी दाबावर चांगला उजेड मिळवून दाखविला. हे थर माणसाच्या केसापेक्षा शेकडो पटींनी पातळ असतात. त्यांच्या एका बाजूस इंडियम-टिन ऑक्साइड या पारदर्शक वाहकाचा लेप आणि दुसऱ्या बाजूस धातूचा थर असतो.

एलसीडी पडद्यात वीज फक्त द्रवस्फटिकाचे रेणू वळविण्याचे काम करते, उजेड मागच्या दिव्याचा असतो. ओएलईडीमध्ये मात्र जेवढा प्रवाह तेवढा उजेड. दाब थोडा वाढला तरी प्रवाह खूप वाढतो, म्हणून येथे व्होल्ट मोजून भागत नाही, प्रवाहच नेमून द्यावा लागतो.

बाजारात सहज मिळणारा ०.९६ इंची पडदा उदाहरणादाखल घेऊ. त्यात १२८ स्तंभ आणि ६४ ओळी, म्हणजे ८१९२ ठिपके असतात. प्रत्येकाला स्वतंत्र तार देणे अशक्य, म्हणून स्तंभांच्या १२८ आणि ओळींच्या ६४ अशा १९२ वाटांवरच सगळा कारभार चालतो. एका वेळी एकच ओळ पेटते. डोळ्याला मात्र सगळ्या एकदम पेटल्यासारख्या वाटतात. प्रत्येक ओळीच्या वाट्याला वेळेचा चौसष्टावा भागच येत असल्यामुळे तेवढ्या क्षणात तिला चौसष्टपट तेजाने चमकावे लागते. या पडद्यावर बहुधा एसएसडी १३०६ नावाची चिप असते. ती एका स्तंभाला जास्तीत जास्त १०० मायक्रोअँपिअर देते. ओळीतील सगळे १२८ ठिपके पेटले की त्या एका ओळीतून १२.८ मिलिअँपिअर प्रवाह परत येतो. जोड जरा कच्चा असला तर ही ओळ मंद दिसणारच.

आता मुख्य प्रश्न : काचेला तार जोडायची कशी? सोल्डर हे सर्वांच्या हातातले साधन. पण पारदर्शक लेप हा धातू नसून ऑक्साइड आहे, त्यावर साधे सोल्डर धरत नाही. शिवाय कथिल-शिशाचे नेहमीचे सोल्डर १८३ अंशांना वितळते, आणि आतले काही सेंद्रिय थर शंभर अंशांच्या आसपासच बिघडू लागतात. आम्ही स्वतः हा शहाणपणा नुकसान सोसून शिकलो. पट्टी तुटलेल्या एका पडद्याची काचेची कड ब्लेडने खरवडून आम्ही तिच्यावर सोल्डर लावू पाहिले. सोल्डरचे गोळे घरंगळून खाली पडले आणि कडेला तडा गेला तो वेगळाच.

कारखान्यात यासाठी एक खास चिकट फीत वापरतात. ती इपॉक्सीची असून तिच्यात तीन ते पाच मायक्रॉन व्यासाचे, निकेल आणि सोन्याचा मुलामा दिलेले प्लॅस्टिकचे गोळे विरळ पसरलेले असतात. खाली काचेवरच्या वाटा, वर लवचीक पट्टीवरच्या तांब्याच्या वाटा आणि मध्ये ही फीत ठेवून एका अरुंद तापलेल्या दांड्याने ती काही सेकंद दाबतात. थालीपिठाच्या पिठात विरळ मोहरी घालून ते दोन पट्ट्यांमध्ये दाबले, तर पट्ट्यांना टेकलेली मोहरी दोन्हीकडे लागते, पण शेजारची मोहरी एकमेकींना लागत नाही. तसेच हे आहे. वीज वरून खाली जाते, आडवी जात नाही. त्यामुळे केसाहून बारीक अंतरावरच्या वाटाही एकमेकींत मिसळत नाहीत. दांडा कडेपुरताच असल्याने उजेडाच्या भागापर्यंत उष्णता फारशी पोहोचत नाही. दाब कमी पडला तर गोळे चपटे होत नाहीत, जास्त झाला तर मुलामा फुटतो, आणि दांडा तिरका बसला तर एका बाजूचे स्तंभ गायब होतात.

या पट्टीचे दुसरे टोक मात्र तांब्याचे असते. काही पट्ट्यांत ते मंडलावर सोल्डर करावयाचे असते, काहींत कनेक्टरमध्ये घालावयाचे. सोल्डरिंग करावयाचे ते याच टोकाला, काचेच्या टोकाला कधीही नाही.

वीज देण्याचाही क्रम आहे. चिपच्या तर्कभागाला १.६५ ते ३.३ व्होल्ट आणि पडद्याला ७ ते १५ व्होल्ट लागतात. आधी तर्कभाग, मग रिसेट, मग पडद्याची वीज; बंद करताना पडद्याची वीज आधी काढावी. वरचा दाब चिप स्वतःही तयार करू शकते, म्हणून चार पायांच्या तयार मॉड्यूलला वेगळा पुरवठा लागत नाही. पण विकत घेताना पायांवरची अक्षरे जरूर वाचावीत : काही मॉड्यूलवर ग्राउंड पहिले असते, काहींवर पुरवठा. दिसायला दोन्ही सारखीच, आणि उलट जोडले की चिप संपली.

मोबाइलच्या पडद्यात प्रत्येक ठिपक्यामागे निदान दोन ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर असतो, म्हणून ओळ पाळीपाळीने झगमगावी लागत नाही. काठावरचा जोड मात्र याच जातीचा. म्हणूनच सरळ, एकसारखी रेघ दिसली तर संशय आधी जोडावर किंवा चिपवर घ्यावा. काळा डाग दिवसेंदिवस पसरत असेल तर आत हवा आणि ओल शिरलेली असते; त्यावर दुरुस्ती नाही, पडदाच बदलावा लागतो. जोड पुन्हा बसविण्याची यंत्रे काही दुरुस्तीवाल्यांकडे असतात. गिऱ्हाइकाला नव्या पडद्याचा खर्च सांगण्याआधी हा फरक पाहून घ्यावा. आणि सुटा पडदा हाताळताना पट्टी काचेच्या अगदी मुळाशी दुमडू नये. वळण थोडे दूरवरून, मोठे गोल ठेवावे.