टायगर हिल, मिराज आणि टिपणीस

काल ग्वाल्हेरच्या बाड्यावरून मिराज विमान गडगडत गेलं आणि भाच्याने विचारलं, "मामा, ही विमानं कारगिलला खरंच गेली होती?"

गेली होती! १९८५ पासून ग्वाल्हेर हे मिराज-२००० चं घर आहे.

कारगिल युद्धात २४ जून १९९९ ला टायगर हिलवर मिराजने लेझर बॉम्ब टाकला. विमानाखालचा पॉड लक्ष्यावर लेझर रोखून धरतो आणि तिथून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा माग काढत बॉम्ब नेमका पोहोचतो. तेही नियंत्रणरेषा न ओलांडता!

हा हल्ला दुसऱ्या मिराजमध्ये बसून कोण पाहत होतं? खुद्द हवाईदलप्रमुख, एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस. वय ५८. मूळचे लढाऊ वैमानिक, आपले मराठी. असा सेनापती मला फार मोठा वाटतो.

मिराजबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर लिहा.