वाचायला शिकायचं ते आईच्या भाषेत

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले आणि बोलणं मुलांच्या शाळेवर आलं. एक मैत्रीण म्हणाली, "नात इंग्रजी शाळेत जाते. तिच्या पुस्तकातलं मला कळत नाही आणि माझ्याशी आपल्या भाषेत बोलायची आता तिला लाज वाटते." सगळ्याजणी गप्प झालो. हे दुःख आपल्याकडेच आहे असं नाही. आज आम्ही तुम्हांला अमेरिकेतल्या अशाच आयांची आणि त्यांच्या मुलांच्या वर्गाची गोष्ट सांगणार आहोत.

अमेरिकेत लाखो घरांत स्पॅनिश बोलतात. १९५९ साली क्युबा देशात क्रांती झाली आणि तिथली अनेक कुटुंबं अमेरिकेतल्या मायामी शहरात आली. त्या शहरातल्या कोरल वे या सरकारी प्राथमिक शाळेत १९६३ साली नवा प्रयोग सुरू झाला. अर्धा दिवस शिकवणं स्पॅनिशमध्ये, अर्धा दिवस इंग्रजीमध्ये. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुलंही शेजारी बसून स्पॅनिश शिकू लागली. आज असे दुभाषी वर्ग तिथे अनेक राज्यांत आहेत. काही शाळांत सुरुवातीला दहातले नऊ भाग स्पॅनिश आणि एक भाग इंग्रजी असते. मग दरवर्षी इंग्रजी वाढवत चौथी-पाचवीपर्यंत दोन्ही निम्मे-निम्मे करतात.

या वर्गात स्पॅनिश वाचायला कसं शिकवतात? आपल्या बाराखडीची आठवण येईल असं. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. आधी ते पक्के करतात. मग एकेक व्यंजन जोडायचं: मा, मे, मि, मो, मु. पुढे सा, से, सि, सो, सु. मग मे आणि सा जोडले की झालं मेसा, म्हणजे टेबल! मूल पहिल्या काही आठवड्यांतच शब्द वाचू लागतं, कारण स्पॅनिशमध्ये बहुतेक जसं लिहितात तसंच बोलतात. इंग्रजीत मात्र एकच अक्षर एका शब्दात एक बोलतं, दुसऱ्यात दुसरंच. म्हणून इंग्रजी शिकवायची रीत स्पॅनिशला जशीच्या तशी लावली, तर मुलाचा गोंधळ होतो.

स्पॅनिशमध्येही खाचाखोचा आहेतच. 'पापा' या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर दिला तर बटाटा आणि शेवटच्या अक्षरावर दिला तर बाबा! लिहिताना बाबांच्या शेवटच्या अक्षरावर छोटी तिरपी रेघ द्यावी लागते. ती विसरली, की बाबांचा बटाटा होतो. मुलं हसतात आणि रेघ लक्षात ठेवतात.

चांगल्या बाई आणखी एक पथ्य पाळतात. प्रत्येक वाक्य दोन्ही भाषांत सांगत नाहीत. तसं केलं तर मूल आपल्या ओळखीच्या भाषेची वाट बघत बसतं आणि दुसरी कानाआड करतं. स्पॅनिशच्या वेळी स्पॅनिशच. सोबत चित्रं, वस्तू, हातवारे. नंतर वेगळा वेळ काढून दोन्ही भाषा शेजारी मांडतात. स्पॅनिशमधलं 'फामिलिया' आणि इंग्रजीतलं 'फॅमिली', दोन्हींचा अर्थ कुटुंब. एक आलं की दुसरं निम्मं आलंच.

कुणी विचारेल, इंग्रजी मागे नाही का पडत? मैत्रिणींनो, चुलीवर भाकरी करायला शिकलेल्या बाईला गॅसवर ती पहिल्यापासून शिकावी लागत नाही. वाचनाचंही तसंच. अक्षर म्हणजे आवाज, शब्द म्हणजे अर्थ, ही मूळ गोष्ट मूल एकदाच शिकतं. कळणाऱ्या भाषेत ती लवकर उमगते आणि मग दुसऱ्या भाषेत कामाला येते. नवी अक्षरं, नवे शब्द तेवढे शिकायचे राहतात.

हे सगळ्यांना पटलं असं नाही. कॅलिफोर्निया राज्यात १९९८ साली लोकांनी मतदान करून अशा शिक्षणावर कडक बंधनं घातली. २०१६ साली पुन्हा मतदान झालं आणि ती बंधनं उठली. मधली अठरा वर्षं गेली. तेवढ्यात मुलांची एक पिढी शाळा शिकून बाहेर पडते.

या वर्गांमुळे आईला काय मिळतं? इंग्रजी न येणारी आई रात्री लेकराचं वाचन ऐकू शकते, चुकलं तर सांगू शकते. शाळेच्या कामात तिला जागा मिळते.

आपल्याकडे कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी गोंडी, कोरकू किंवा पावरी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलं आहे. शाळा कुठलीही असो, आपल्या हातात एवढं आहे: रोज रात्री आपल्या भाषेत एक गोष्ट सांगायची आणि शाळेच्या पालकसभेत विचारायचं, "आमच्या भाषेला वर्गात जागा आहे का?"

आमच्या त्या मैत्रिणीने आता नातीला कामाला लावलंय. आजी गोष्ट सांगते, नात ती वहीत लिहून घेते. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या, असं आम्ही तिला सांगितलंय. तुमच्या घरची गोष्टही आम्हांला जरूर कळवा.