आखाजीआधीचे दिवे

पहाटे 5. जळगावचा सराफ बाजार. शटर अर्धे वर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दहा दिवस उरलेत. नंतर या दुकानात शिडी लावायला जागा मिळणार नाही. 96 डाउनलाइट, एकाच फेरीत बदलायचे.

5:15. आधी काउंटरवर लक्स मीटर. 610. पाच वर्षांपूर्वी दिवे लावले त्या दिवशी वहीत 900 लिहिले होते. शेठना काहीच कमी झालेले वाटत नाही. उजेड रोज कणाकणाने उतरतो, डोळा सवय करून घेतो. गिऱ्हाईक मात्र बांगडी दारात नेऊन बघते. एका ओळीच्या नुसत्या काचा पुसल्या, 690 झाले. एवढी धूळ!

5:45. एमसीबी पाडला, टेस्टर लावून खात्री केली. कपाळाला बॅटरी बांधून पोरगा शिडीवर.

"दादा, हाऊ ते चालू शे, काबर काढी ऱ्हायनात?"

हा प्रश्न मला आवडतो. खोक्यावर 25,000 तास छापलेले असतात, म्हणजे तोवर उजेड 70 टक्क्यांवर आलेला असतो. रोज 12 तास, वर्षाला 300 दिवस धरले तर आपले 18,000 झालेत. त्यात जळगावचा उन्हाळा. फॉल्स सीलिंगच्या वर हवा कोंडते, ड्रायव्हरमधला कपॅसिटर सुकतो. दहा अंश वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे. एकदम लावलेले दिवे मरायलाही एकदमच लागतात, आणि तेही ऐन गर्दीत. एकेक बदलत गेलो तर नव्या-जुन्याच्या उजेडात एकाच हाराला दोन रंग दिसतात. सोन्याला 3000 केल्विनचा पिवळसर उजेड लागतो, तोही सगळीकडे सारखा.

9:30. शेवटचा दिवा बसला. 890. त्याच लॉटचे दहा दिवे जादा आणलेत, ते शेठच्या कपाटात. काढलेल्यांतले चांगले जिन्याला आणि गोदामाला लागतील.

10:15. शेठनी हार हातात घेतला, वर पाहिले, पुन्हा हार पाहिला. चहा मागवला.

11. एरंडोल, पारोळा करत धुळे.

2:30. आग्रा रोडजवळचे गोदाम. इथे अजून 36 वॅटच्या जुन्या नळ्या. पट्ट्यांसकट उतरवून एलईडी. नळी फुटू द्यायची नाही, आत पारा आहे. 2016 च्या नियमांपासून ती ई-कचऱ्यात मोडते. तरी भंगारवाला दारात उभा, पट्ट्यांबरोबर नळ्याही मागतो. पट्ट्या दिल्या. नळ्या नव्या मालाच्या खोक्यांत उभ्या बांधून परत गाडीत.

6:30. परतीला निघण्याआधी वही काढली. दोन्ही ठिकाणची तारीख, लॉट नंबर, लक्स. जळगावच्या ओळीपुढे पुढची फेरी लिहिली: पाचवी आखाजी, दहा दिवस आधी.