हिरवा माणूस किती सेकंद?

सीएसएमटीला उतरून कॉलेज गाठताना तुम्ही काय करता? सबवेत उतरता, की गाड्यांना हात दाखवत धूम ठोकता? खरं सांगा!

१४ मार्च २०१९. संध्याकाळच्या गर्दीत स्टेशनलगतचा हिमालय पूल कोसळला, सात जणांचा जीव गेला. खाली सिग्नल लाल होता, गाड्या थांबलेल्या होत्या. नाहीतर आणखी कितीजण सापडले असते! नवा पूल खुला झाला २०२३ मध्ये. मधली चार वर्षं लोक रस्ता ओलांडतच होते.

म्हणून कट्ट्यावर हा वाद घालाच : पूल हवा की झेब्रा क्रॉसिंग? ‘पुलामुळे ट्रॅफिक अडत नाही,’ कुणीतरी म्हणेल. मान्य. पण चालणाऱ्याने जिने चढायचे-उतरायचे आणि गाडीतल्याने सरळ जायचं, हे कुठलं गणित? आजीचे गुडघे, मित्राच्या कुबड्या त्यात कुठे बसतात?

पूल, सबवे राहू देत. पण जमिनीवरही रुंद झेब्रा हवा, पुरेसा वेळ देणारा सिग्नल हवा.

आज उतरलात की एवढंच करा. हिरवा माणूस किती सेकंद दिसतो, मोजा. तेवढ्यात तुमची आजी पलीकडे पोचेल?