वजनकाट्यावरची शर्यत

आमच्या पोखर्णी गावच्या माणसाला घोड्याचं अप्रूप नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो; आमच्या आबांनी तिथं उभ्या हयातीत एकही घोडा घेतला नाही, पण पारखले मात्र रग्गड. दात बघायचे, खूर उचलून बघायचे, अंगावरचे भोवरे बघायचे. त्यामुळे मुंबईला बहिणीकडं गेल्यावर राणीच्या बागेला ते नको म्हणाले आणि महालक्ष्मी रेसकोर्सला लगेच तयार झाले. आईचा विरोध होता. "जुगाराच्या ठिकाणी माझं काय काम?" दाजींनी सासूची समजूत काढली, "मामी, तुम्ही पैसे लावू नका, नुसतं बघा तर खरं."

हे मैदान 1883 सालचं. त्याआधी मुंबईच्या शर्यती भायखळ्याला होत. लंबगोल गवती ट्रॅक सुमारे 2,400 मीटरचा. बहुतेक लोक ट्रॅककडं नाहीतर बुकींच्या फळ्यांकडं तोंड करून असतात. आबा थेट पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या रिंगणाच्या, कठड्याला जाऊन टेकले, आणि खरं काम तिथंच चाललेलं होतं.

सईस घोड्याला लगामाशी धरून गोल फिरवतो. घोडा कानानं, शेपटीनं, तोंडाच्या फेसानं आपली तब्येत सांगत असतो. जाणते प्रेक्षक तेच वाचतात. अंगावरची कातडी इतकी तलम की शिरा मोजाव्यात. आबांनी भोवरा शोधला, दिसला नाही. मग नजर पायांकडं. नाल अ‍ॅल्युमिनियमचे, कारण लोखंडाचं ओझं धावताना परवडत नाही.

आणि एवढं ओझं वाचवून त्याच घोड्याच्या पाठीवर मुद्दाम शिसं चढवतात! हँडिकॅपच्या शर्यतीत जो जास्त जिंकतो त्याच्यावर जास्त वजन. जॉकीला शर्यतीआधी खोगिरासकट काट्यावर उभं करतात. ठरल्यापेक्षा कमी भरलं तर शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरं करतात. मग ट्रेनर खोगीर पाठीवर ठेवतो, तंग आवळतो, हातभर पुढं होऊन जॉकीला पायाला धरून वर चढवतो. आबांना हे अजिबात पटलं नाही. "शंकरपटात चांगल्या बैलाला कुणी दगड बांधतं का?" दाजी म्हणाले, "आबा, नाही बांधला तर दर वेळी तोच येईल, मग पैसे कोण लावील?" आईनं माझ्याकडं असं बघितलं की, बघ, शेवटी जुगारच. सर्वोच्च न्यायालयानं 1996 साली घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवलंय, हे मी सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

प्रत्यक्ष शर्यत 1,200 मीटरची. सव्वा मिनिटाच्या आत खलास. गेटमध्ये शिरायला एक घोडा अडला, माणसांनी मागून रेटून आत घातला. सगळी फाटकं एकदम उघडली. समोरून गेले तेव्हा आवाज आधी छातीत आला, मग कानात.

लोक ओरडून मोकळे झाले, पण निकाल पक्का व्हायचा होता. पुढं आलेल्या घोड्यांचे जॉकी स्वतः खोगीर उतरवून, ते पोटाशी धरून पुन्हा काट्यावर गेले. इथं वजन कमी भरलं तर पहिला आलेलाही बाद. काटा बरोबर आल्याखेरीज पैसे वाटत नाहीत. हे मात्र आबांना फार आवडलं. "आमच्या कापसाच्या काट्यावर असं दोनदा कुणी बघत नाही," म्हणाले.

इथली इंडियन डर्बी 1943 पासूनची. चार वर्षांच्या घोड्यांची, 2,400 मीटरची, साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी. पहिली जिंकली बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीनं. मालक राजेरजवाडे आणि कारखानदार, पण पांडू खाडे, वसंत शिंदे यांच्यासारखे मराठी जॉकीही याच मैदानानं पाहिले. गर्दीत त्यांची नावं काढणारे म्हातारे भेटतात. मला वाटतं, या खेळाचा इतिहास त्यांच्याकडूनच ऐकावा.

2024 मध्ये इथल्या 211 एकरांपैकी 120 एकर महापालिकेच्या उद्यानासाठी द्यायचं ठरलं. शर्यतींकडं 91 एकर उरले. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पावसाळ्यात शर्यती पुण्याला. जाल तेव्हा खिशातले पैसे खिशातच ठेवा आणि पॅडॉकच्या कठड्याशी जागा धरा.