वादळानंतरची सावली

म्हातारपण वर्षांच्या हिशेबाने येते, असे आपण समजतो. परंतु एकाच वयाचे दोघे पाहावेत, तर एक शेतावर जातो आणि दुसरा खाटेला खिळलेला असतो. हा भेद का पडतो? या प्रश्नावर एका दूरच्या बेटावरील माकडांनी थोडा प्रकाश टाकला आहे. आणि त्यांचे पूर्वज आपल्याच देशातील होते.

कॅरिबियन समुद्रात प्वेर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळ कायो सांतियागो नावाचे ३८ एकरांचे चिमुकले बेट आहे. १९३८ साली क्लॅरेन्स कारपेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून तांबड्या तोंडाची ४०९ माकडे जहाजाने नेऊन तेथे सोडली. त्यांच्या वंशजांचा अभ्यास आजही चालू आहे.

२० सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ चक्रीवादळाने बेटावरील सुमारे ६३ टक्के झाडोरा नष्ट केला. बहुतेक माकडे वाचली; पण धक्का अंगात मुरला. वादळापूर्वीच्या आणि नंतरच्या रक्ताची तुलना केली असता, रोगाशी झुंजणाऱ्या पेशी सरासरी दोन वर्षांनी अधिक वृद्ध झाल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. माणसाच्या आयुष्यात हे अंतर सात-आठ वर्षांचे होते.

झाडे गेली, तशी सावली दुर्मिळ झाली. उघड्यावर उष्णता ४० अंशांच्या वर जाई. ही जात मूळची भांडखोर. तरीही उरलेल्या सावलीसाठी ती आपसांत झगडली नाहीत. एकमेकांना जवळ बसू देऊ लागली. जी पूर्वी एकलकोंडी होती, त्यांनीच अधिक नवे सोबती जोडले. आणि वादळानंतर ज्यांनी असा शेजार अधिक सोसला, त्यांचा मृत्यूचा धोका कमी झाला, असे २०२४ च्या अभ्यासात आढळले.

माकड ते माकड, आणि मनुष्य तो मनुष्य, हे खरे. परमेश्वराने आपल्याला आत्मा व विवेक दिला आहे. पण देह मातीचाच आहे. संकटाने तो झिजतो आणि सोबतीने तग धरतो. मुक्या प्राण्यांनी जे गरजेपोटी केले, ते आपण प्रीतीने करावयास नको काय?

रविवारच्या मिस्सेला येईनाशी झालेली एखादी आजी आपल्याही वाडीत असेल. तिच्या ओसरीवर घटकाभर जाऊन बसावे. तिला औषधाइतकीच या सावलीची गरज आहे.