गृहशिक्षण : वेळापत्रक आपल्याच घराच्या मापाचे हवे

वाराणसी येथे २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अहिल्यानगरच्या देवव्रत महेश रेखे या १९ वर्षीय युवकाने शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे सुमारे दोन हजार मंत्रांचे दंडक्रम पारायण ५० दिवस अखंडपणे पूर्ण केले. त्यांचे गुरू त्यांचे वडीलच आहेत. घरात मिळालेल्या शिक्षणाची ही परंपरा काशीला नवी नाही. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनाही सनईची तालीम आपल्या मामांकडूनच मिळाली होती.

मात्र मुलाला शाळेत न पाठवता घरीच शिकवू इच्छिणाऱ्या सर्वसामान्य पालकांपुढील प्रश्न वेगळा आहे. एकाच विद्येची साधना आणि भाषा, गणित, विज्ञान यांचे सर्वांगीण शिक्षण यांची दिनचर्या सारखी असू शकत नाही.

कायदा काय सांगतो?

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयोगटातील मुलांना शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य मानले आहे. तथापि, ते न पाळणाऱ्या पालकांसाठी कायद्यात शिक्षेची तरतूद नाही. गृहशिक्षणाचा त्यात स्पष्ट उल्लेखही नाही. मूल पुढे शाळेत जाऊ इच्छित असल्यास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची सोय याच कायद्याच्या चौथ्या कलमात आहे.

प्रमाणपत्रासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हा प्रमुख पर्याय आहे. वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीच्या समकक्ष अभ्यासक्रमासाठी नोंदणी करता येते. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि नोंदणी पाच वर्षे वैध राहते. सर्व विषय एकाच वेळी उत्तीर्ण होण्याचे बंधन नसल्याने अभ्यासाची गती घराला ठरवता येते. विषयांच्या यादीत मराठीही आहे.

शाळेची नक्कल नको

गृहशिक्षण सुरू करताना बहुतेक घरांत शाळेचेच वेळापत्रक भिंतीवर लावले जाते आणि काही दिवसांतच ते कोलमडते. शाळेचा बराच वेळ हजेरी, रांगा आणि चाळीस-पन्नास मुलांना सांभाळण्यात जातो. घरी एका मुलाकडे थेट लक्ष देता येत असल्याने लहान वयात रोज दोन-तीन तासांचा एकाग्र अभ्यास पुरेसा ठरू शकतो.

त्यामुळे आधी निरीक्षण करावे. मूल कोणत्या वेळी ताजेतवाने असते, शिकवणाऱ्या पालकाला कोणता वेळ खात्रीने मोकळा असतो, हे दोन आठवडे टिपून ठेवावे. दुकान चालवणाऱ्या घराची सकाळ आणि नोकरदाराच्या घराची सकाळ एक नसते. घड्याळापेक्षा क्रम ठरवणे सोपे जाते : न्याहारीनंतर गणित, दुपारी वाचन, सायंकाळी खेळ. एखादा दिवस उशिरा सुरू झाला, तरी क्रम मोडत नाही.

ऋतूचाही विचार आवश्यक आहे. वाराणसीत मे-जूनमध्ये लू वाहते, पावसाळ्यात गंगेचे पाणी घाटांवर चढते, तर डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाट धुके असते. बाहेर जाऊन शिकण्याचे दिवस म्हणूनच प्रामुख्याने ऑक्टोबर ते मार्च या काळात, शक्यतो ऊन पडल्यावर ठेवणे सोयीचे ठरते. मानमहालाच्या वेधशाळेत सूर्याची सावली मोजता येते, सारनाथच्या संग्रहालयात मौर्यकाळ पाहता येतो आणि भोसले घाट, शिंदे घाट व अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारलेले विश्वनाथ मंदिर यांतून मराठ्यांचा इतिहास शिकवता येतो.

हिंदी परिसरात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी रोज अर्धा तास मराठी वाचन-लेखनाला राखून ठेवणे हिताचे ठरते. घरात बोलली जाणारी भाषा आपोआप लिहिता येत नाही.

गृहशिक्षणाची किंमतही मोजावी लागते. एका पालकाचा बराचसा वेळ त्यात जातो आणि समवयस्कांचा सहवास आपोआप मिळत नाही. मैदान, संगीतवर्ग वा वाचनालय यांना आठवड्याच्या आखणीत पक्की जागा द्यावी.

दर तीन महिन्यांनी मुलासोबत बसून आढावा घ्यावा. मूल कंटाळले असेल किंवा पालक थकले असतील, तर प्रथम वेळापत्रक बदलावे. तरीही घडी बसत नसेल, तर शाळेकडे परतण्याचा मार्ग खुला आहे आणि तो स्वीकारण्यात कमीपणा नाही.